आठवी खूण

"हा जुना आहे कशावरून?" देवदत्तने टेबलावरचा गंजका कॉम्प्रेसर बोटाने ढकलला. परदेशी गिऱ्हाइकाच्या वतीने तो माल तपासायला अंबरनाथच्या कारखान्यात आला होता.

कारखान्याची खरेदी चैत्राली बघायची. ट्रकच्या ब्रेकचे थकलेले कॉम्प्रेसर आणायचे, नव्यासारखे करून पाठवायचे, हे इथलं काम. यंदा जुन्या मालाचं जहाज महिनाभर कुठल्याशा बंदरात अडकलं, म्हणून तिने उल्हासनगर कॅम्प दोनच्या भंगार बाजारातून दोनशे उचलले. कागद एकाचाही नव्हता. गिऱ्हाइकाच्या देशात नव्या ओतीव लोखंडावर कार्बनचा कर बसतो, जुन्यावर नाही. जुनेपण सिद्ध झालं नाही तर ऑर्डर रद्द, आणि कारखान्याला टाळं.

"नव्यावर गंज चढवून पण देतात मॅडम, आपल्याकडे," देवदत्त म्हणाला.

जुनं नवं म्हणून खपवल्याचा आळ बाजारावर नेहमीचाच. आता उलटा आळ आला होता. एरवी चैत्राली पोट धरून हसली असती.

"साहेब, तुमच्या हाताने एक काढा," फिटर हरिचंद्र म्हणाला.

देवदत्तने ढिगाच्या तळातला एक ओढला. हरिचंद्रने झाकण उघडून आतली काजळी रॉकेलच्या फडक्याने पुसली. कडेला पोलादी पंचाने ठोकलेल्या बारीक खुणा होत्या. मासा. त्रिशूळ. एक सिंधी अक्षर. चंद्रकोर. तीन ठिपके. आणखी दोन इतक्या झिजलेल्या, की नखालाच कळाव्यात.

"जो उघडतो तो आपली खूण ठोकतो. आम्हा फिटर लोकांची रीतच आहे. बाहेर कोणाला माहीत पण नसतं."

देवदत्तने दुसरा उघडायला लावला. मग पाचवा, मग अकरावा. प्रत्येकात खुणा, प्रत्येकात हात निराळे. त्याचा आवाज खाली आला.

"एवढे हात कोण खोटे करणार?" असं म्हणून त्याने सही केली.

चैत्राली अजून पहिल्यावरच वाकली होती. सात वेळा भंगारात गेलेला, सात वेळा कोणीतरी उठवलेला. कालपर्यंत तिच्या यादीत तो नुसता एक नग होता.

दुरुस्त करून झाकण बसवण्याआधी हरिचंद्रने पंच घेतला आणि अगदी कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढी खूण ठोकली.

"एवढीशीच?" तिने विचारलं.

"पुढच्यांना जागा नको का, मॅडम?"