आवाज गिळणारा डबा

क्लेटनने करवत चालवली आणि एअर फिल्टरच्या डब्याची मान कापून काढली.

"अरे, अरे!" कुंपणापलीकडून शेजारचा अर्लो ओरडला. त्याच्या हातात दुपारची बिअर होती आणि शनिवारी त्याला दुसरं कामही नसायचं. "जुना डबा ठेव की शाबूत. परत बसवायची वेळ आली तर?"

"परत कशाला बसवतोय मी?"

कंपनीने दिलेला तो काळा डबा इंजिनाला हवा गाळून द्यायचा आणि हवा ओढण्याचा आवाज स्वतःच गिळायचा. त्याच्या जागी क्लेटनने मोरीचा तीन इंची पाईप बसवला, रबरी सांध्यावर दोन क्लिपा आवळल्या, टोकाला नवा फिल्टर चढवला आणि तो हेडलाइटमागे, गार हवा येते तिथे, बांधून टाकला. अठरा डॉलरांत काम भागलं. गार हवा मिळाली की चढावर इंजिन दमत नाही, असं त्याला फोनवरच्या एका व्हिडिओने सांगितलं होतं. आणि विस्कॉन्सिनमधून मॉन्टानाला जायचं म्हणजे डोंगर चढायचे होते.

"मोरीच्या पाईपने गाडी पळते होय?" अर्लोने विचारलं.

"पळो न पळो, तुंबणार तर नाही."

अर्लो पोट धरून हसला. मग त्याने बिअरचा एक घोट घेतला आणि जरा सावकाश म्हणाला, "आधी टायर, मग क्लच, आता नाक. चार वर्षं बघतोय मी. नाचता येईना अंगण वाकडं, क्लेट. ज्याला जायचं असतं ना, तो ट्रॅक्टरवर बसूनही जातो."

क्लेटनने बोनेट खाली आपटलं. सकाळपासून डिकीत बॅग आहे, हे त्याने अर्लोला सांगितलं नव्हतं. मॉन्टानातल्या गॅरेजमधली नोकरीची जागा सोमवारपर्यंतच मोकळी होती. बहीण संध्याकाळी येणार होती आणि उद्या ती वडिलांना वृद्धाश्रमात पोचवणार होती. वडिलांना हे अजून कुणीच सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे समोर बसून सांगायला हवं होतं, आणि समोर बसल्यावर आपण जाणार नाही, एवढं क्लेटन स्वतःला ओळखून होता.

त्याचे वडील, व्हर्लिन, स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीशी बसले होते. पन्नास वर्षं त्यांनी गाईंच्या धारा काढल्या. आता गाई विकल्या गेल्या होत्या आणि डोळेही गेले होते, तरी खिडकीची खुर्ची त्यांनी सोडली नव्हती. क्लेटनला त्यांचा राग येत नसे. आला असता तर सगळं सोपं झालं असतं.

"बाबा, एक चक्कर मारून येतो. गाडी बघायचीय कशी चालते."

"ये मारून," व्हर्लिन म्हणाले.

गाडी सुरू झाली तेव्हा अर्लोने कानांवर हात ठेवले. पॅडल दाबलं की पुढून अशी डुरकी निघे, की बोनेटखाली वळू बांधलाय असं वाटावं. क्लेटन चार वर्षांत पहिल्यांदा एकटाच मोठ्याने हसला. मक्याची शेतं मागे पडली, बंद पडलेली चीज फॅक्टरी मागे पडली. मग हमरस्त्याआधीचा चढ आला. इथे दरवेळी वेगाचा काटा पंचेचाळिसावर यायचा. त्याने पॅडल तळाला टेकवलं. आवाज आभाळाला भिडला आणि काटा पंचेचाळिसावर आला.

वर स्टॉपच्या पाटीपाशी तो थांबला. डावीकडे वळलं की पश्चिम. मागेपुढे एकही गाडी नव्हती. त्याने एकदा रेस केली. पुन्हा केली. पाच वाजता बाबा जेवतात, त्याला आठवलं, आणि घरात ब्रेड नाही. बहीण आठच्या आत पोचणार नाही. तीन तास माणूस ब्रेडवाचून मरत नाही, हे त्यालाही कळत होतं. त्याने तिसऱ्यांदा रेस केली आणि उजवीकडे, पेट्रोल पंपावरच्या दुकानाकडे वळला.

ब्रेड घेऊन तो घरी आला तेव्हा टेबलावर दोन ताटल्या मांडलेल्या होत्या. व्हर्लिन चाचपडत लोण्याचं झाकण काढत होते.

"पाटीपाशी बराच वेळ थांबलास," ते म्हणाले.

क्लेटनचा हात ब्रेडच्या पिशवीवरच राहिला.

"तीनदा रेस केलीस. मग पंपाकडे गेलास. सगळं ऐकू आलं." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, खरंखुरं. "आधी ही गाडी कधी जायची, कधी यायची, पत्ताच लागायचा नाही. दिवसदिवस नुसता अंदाज बांधत बसायचो. आता बरं झालं बघ. तूच लावलंस ना ते?"

"हो बाबा. मीच लावलं."

खिडकीबाहेर अंगणात कापलेला डबा दोन तुकडे होऊन पडला होता. व्हर्लिननी ब्रेडचा तुकडा मोडला, त्यावर बोटाने अंदाज घेत लोणी फासलं.

"घंटा आम्ही सगळ्या गाईंना नाही बांधायचो," ते म्हणाले. "कुंपण ओलांडणारी असायची एखादी. तिलाच फक्त."