चाचणीआधी तोडू नये

साधनानं गाडी खजुरांच्या सावलीत लावली, डिकीतून सुरी, बशी आणि आयोडीनची बाटली काढली आणि सवयीनं हाक मारली, "भाभी, चहा टाका. आज फळ कापायचंय."

घरातून कुणी बाहेर आलं नाही. याकूबभाई सफरचंदाच्या झाडाशी पाण्याची नळी धरून उभे होते. नळीला पाणी नव्हतं.

"भाभी बर दुबईच्या बाजाराला गेल्यात का?"

"नाही मॅडम. जुम्म्याला तिचा इंतकाल झाला. आज आठवा दिवस."

साधनानं हातातलं सामान खाली ठेवलं. "मला कळवलं नाहीत."

"कुठं कळवणार? आपला ग्रुप सफरचंदांचा आहे."

अमिरातीतल्या मसाफीच्या डोंगरातलं हे शेत अरबाबचं, म्हणजे अरब मालकाचं. याकूबभाई आणि शहरबानू ते सांभाळायचे. साधनाच्या संस्थेनं तीन वर्षांपूर्वी इथं सफरचंदाची चार झाडं दिली होती, थोडक्या थंडीतही फळ धरणाऱ्या जातीची. सोबत दिलेल्या चेरी पहिल्याच उन्हाळ्यात गेल्या. त्या आळ्यांत शहरबानूनं पुदिना लावला होता. अशी चौदा शेतं साधनाकडे होती. ती फिरायची, मापं घ्यायची, लोकांना शिकवायची. तिच्या सूचनांमधली एक ठळक अक्षरांत असे: चाचणीआधी फळ तोडू नये. सगळीकडे एकाच पद्धतीनं तोडलं तरच आकडे एकमेकांशी ताडता आले असते.

शहरबानू या सूचनेला हसायची. "साधनाताई, हे सफरचंद आहे की लग्नाची मुलगी? तुम्ही बघून गेल्याशिवाय हात लावायचा नाही!"

यंदा पहिल्यांदाच फळं धरली होती. नऊ. त्यांतल्या एकाला फिक्या हिरव्या ओढणीचा तुकडा बांधलेला होता, बुलबुलांपासून राखायला.

"ते तिचं," याकूबभाई म्हणाले. "शेवटी शेवटी तिला अन्न जात नव्हतं. पाणीसुद्धा चमच्यानं. एकच म्हणायची, आपल्या झाडाचं खाईन. मी तुम्हाला मेसेज टाकला होता."

साधनाला तो मेसेज आठवला. 'मॅडम, एक तोडू का?' तिची भेट महिन्याच्या तीन तारखेला ठरली होती. वार्षिक अहवालापायी ती दोनदा पुढे गेली. ऑफिसात, तक्त्यावरची नजर न काढता, तिनं उत्तर पाठवलं होतं: 'चाचणीआधी नको. अपवाद करू नये.'

"कुणासाठी, ते तुम्ही लिहिलं नाहीत, याकूबभाई."

"लिहिलं असतं तर तुम्हाला नाही म्हणायला जड गेलं असतं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी ओढणीची गाठ सोडली, तुकडा घडी करून खिशात ठेवला आणि फळ तोडून तिच्यापुढे धरलं. "हेच कापा."

"दुसरं घेऊ या ना."

"नको. मला बघायचंय."

बाहेरच्या बाजेवर बसून साधनानं सफरचंद बरोबर मधून आडवं कापलं. एक अर्धुक बाजूला ठेवलं, दुसऱ्यावर आयोडीन ओतलं आणि घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं. फळ कच्चं असेल तर त्यातला स्टार्च काळानिळा पडतो. जिथं साखर झाली, तिथं गर पांढरा राहतो. हे तिनं याकूबभाईंना आणि शहरबानूला याच बाजेवर बसून शिकवलं होतं, बटाट्याची फोड काळी करून.

दोघं बशीकडे बघत राहिले. मधला भाग पांढरा राहिला. मग कडेचाही. सालीलगत काळी रेघसुद्धा उमटली नाही. आयोडीनचा पिवळसर ओघळ तेवढा होता.

"म्हणजे आज पिकलंय," याकूबभाई म्हणाले.

"हो."

"आणि त्या जुम्म्याला? तेव्हा कच्चंच असेल ना, मॅडम?"

आजवर साधनानं कुठल्याही शेतकऱ्याला न मोजलेली गोष्ट सांगितली नव्हती. 'बहुतेक' हा शब्दही ती जपून वापरायची. तिनं बशी हळूच स्वतःकडे ओढली.

"कच्चंच होतं," ती म्हणाली. "तोंडात घालवलं नसतं."

"तेच म्हटलं मी." याकूबभाईंनी कोरडं अर्धुक उचललं, तळहातावर जरा वेळ ठेवलं. "चला आत. चहा मी टाकतो. तिच्यासारखा नाही होत, पण होतो."

साधना त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. गॅसच्या वर, डोळ्यांच्या उंचीला, शहरबानूनं साधनाचं पत्रक चिकटपट्टीनं लावलेलं होतं. तेलाचे डाग पडले होते, पण चित्रं स्वच्छ दिसत होती: आयोडीन लावलेली सहा कापलेली सफरचंदं, डावीकडचं काळंकुट्ट, मग उजवीकडे एकेक फिकं होत गेलेलं. त्यांच्याखालची वाक्यं साधनानंच लिहिली होती. सहावं पूर्ण पांढरं होतं, आणि त्याखालचं वाक्य तिला पाठ होतं: 'तोडायची वेळ होऊन पंधरा दिवस उलटले.'

याकूबभाईंनी पातेलं चढवलं, साखरेचा डबा शोधला. मग ते जरा उजवीकडे सरकले. त्यांच्या खांद्यामागून साधनाला आता पाचच सफरचंदं दिसत होती. चहा उकळून वर येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.