आमोण्याला जाणारी वाकळ

दोरा पुन्हा तुटला. सिद्धीने मशीन थांबवून कापड उलटं केलं, तर खालच्या बाजूला दोऱ्याचा हा एवढा गुंता.

"बॉबीन नीट बसली नाही," स्वयंपाकघरातून सुमंगला म्हणाली. "काढ आणि परत घाल."

सिद्धीने काढली, परत घातली. चार बोटं शिवण झाली आणि जाड जोडावर सुई कटकन मोडली.

पार्से गावातल्या त्या घरात आठवडाभर हेच चाललं होतं. लग्न रविवारी होतं आणि सिद्धीने हट्ट धरला होता की आमोण्याला जाणारी वाकळ ती स्वतः शिवणार. म्हापशाच्या बाजारात हव्या तेवढ्या मिळतात, असं सुमंगलाने सांगून पाहिलं. सिद्धी ऐकेना. याच मशीनवर गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवून सुमंगलाने तिला वाढवलं होतं. सिद्धी सातवीत असताना बाबा गेले, तेव्हापासून घरात दोघीच. पण सिद्धीने मशीनला कधी हात लावला नव्हता. तिने अभ्यास केला आणि डिचोलीच्या एका बँकेत नोकरीला लागली.

आमोण्याचं हे स्थळही तिनेच आणलं. कृष्णनाथ बँकेत यायचे. बोलता बोलता ओळख वाढली आणि हा माणूस आपल्या घरात आला पाहिजे, असं तिच्या मनाने घेतलं. सुमंगलाने आधी साफ नकार दिला. लोक काय म्हणतील, हे एकच तिच्या तोंडी. दोन दिवस ती सिद्धीशी धड बोललीसुद्धा नाही. मग एका रविवारी कृष्णनाथ स्वतः आले, काजूच्या झाडांखालून फिरले, चहात साखर नव्हती तरी काही न बोलता प्याले. ते गेल्यावर सुमंगलाला चूक कळली आणि ती एकटीच कितीतरी वेळ हसत होती. त्यानंतर नकाराचा विषय निघाला नाही.

वाकळीत सिद्धीचे लहानपणीचे फ्रॉक होते, शाळेचा निळा स्कर्ट होता, सुमंगलाच्या मऊ झालेल्या साड्या होत्या. शेजारच्या सुलोचनावहिनी पोदेराकडचे गरम उंडे पाव घेऊन आल्या आणि ढीग बघून तिथेच बसल्या.

"सगळं खरं," त्या दोघींकडे बघत म्हणाल्या, "पण लग्नानंतर या घरात एकटीने दिवस कसे काढायचे गो?"

सुमंगलाने मान खाली घातली. सिद्धीने सुईत दोरा ओवत सांगितलं की आमोणे काही परदेशात नाही, दर रविवारी येणं-जाणं होईल.

शुक्रवारी दुपारी शेवटची ओळ संपली. सिद्धीने वाकळ खाटेवर पसरली, उलटी केली आणि मटकन खाली बसली. वरचं कापड सरळ होतं, पण अस्तर सरकून जागोजागी चुण्या पडल्या होत्या. मधली एक ओळ तर नुसतीच भोकांची. बॉबीनमधला दोरा कधी संपला ते तिला कळलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"बाजारातली आणू," ती म्हणाली.

सुमंगलाने वाकळीचं एक टोक आपल्या मांडीवर ओढलं आणि टाके उसवायला घेतले. सिद्धीने दुसरं टोक घेतलं. मग मधून सुरुवात करून बाहेर कसं जायचं, थर हलू नयेत म्हणून आधी हाताने लांब टाके कसे घालायचे, हे सुमंगलाने दाखवलं. उसवलेल्या दोऱ्यांनी दोघींचे केस भरले आणि एकमेकींकडे बघून दोघींना हसू आवरेना.

हसता हसता सुमंगलाने केसांतला एक दोरा काढून बोटाला गुंडाळला. "इतकी वर्षं दोघीच राहिलो," ती म्हणाली. "मला भीती वाटते गो."

"मी मजेत राहीन, आई," सिद्धी म्हणाली. "तू माझी काळजी करायची नाहीस."

शनिवारी संध्याकाळी वाकळ झाली. एका कोपऱ्यात चुणी राहिलीच. ती उसवायला सुमंगलाने दिलं नाही. आमोण्याहून फोन आला तेव्हा सिद्धीनेच घेतला आणि वाकळ झाली का विचारतायत, असं हसत हसत सांगितलं.

रविवारी सकाळी सुलोचनावहिनींनी दोघींच्या केसांत अबोली माळली. देवळात मोजकीच माणसं होती. आमोण्याची मंडळी वेळेवर आली. सनई वाजली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. हार घालताना कृष्णनाथांचा हार अबोलीत अडकला आणि सगळे हसले.

भटजींनी कन्यादान कोण करणार ते विचारलं.

"मी," सिद्धी म्हणाली, आणि तिने आपल्या आईचा हात कृष्णनाथांच्या हातात दिला.