वाम आणि मरळ

लटारूने फोन दोन्ही हातांनी धरला होता. चामोर्शीच्या एसटीडी बूथमध्ये त्याच्यामागे सून जया उभी होती. तिच्या हातात लंडनहून पोस्टाने आलेली स्मरणिका होती.

गावच्या अमरने तिकडे वैनगंगेकाठच्या लोकांचं मंडळ काढलं होतं. मागच्या उन्हाळ्यात तो आला, तीन दिवस लटारूच्या मासेमारीच्या डोंग्यात बसला, माशांचे फोटो काढले, नावं लिहून घेतली. ते सगळं आता छापून आलं होतं. लटारूचाही फोटो होता. खाली लिहिलं होतं : कै. लटारू शेंडे.

जयाने वाचून दाखवलं तेव्हा घरात रडारड व्हायचीच बाकी होती. लटारू मात्र पुढचंच पान पाहत बसला होता.

"काका, माफ करा," तिकडून अमर म्हणाला. "टाइप करणाऱ्याने घोळ केला. आम्ही इथे दोन मिनिटं उभेही राहिलो हो तुमच्यासाठी. मला फार लाज वाटते."

"ते राहू दे रे. वामीच्या फोटोखाली मरळ काऊन लिवलं?"

"काय?"

"वाम हाये ते. मरळ नोहे."

"बरं, बरं. पण काका, तुम्ही हयात आहात हे आम्ही आजच सगळ्यांना कळवतो."

"माह्यं नको कळवू. वामीचं कळव. तिकडची लेकरं वामीले मरळ म्हणतीन ना!"

"पुढच्या स्मरणिकेत दुरुस्ती टाकू."

"कवा निंगते ते?"

"पाच वर्षांनी."

लटारूचा आवाज चढला. बूथवाल्याने मान वर केली.

"पाच वर्ष? आताच लिवून घे. कागद हाये का? मरळीचं डोस्कं सापावानी, आंगावर खवले. वामीचं तोंड टोकदार, पाठीवर काटे..."

फोनमध्ये खरखर झाली. बूथच्या मीटरवरचे लाल आकडे थांबले. लाइन कटल्याचं जयाला कळलं. तिने हात पुढे केला, पण सासऱ्याच्या खांद्याला लावला नाही.

"...दिवसा रेतीत घुसून राह्यते, निस्तं नाक बाहीर. हात घालशीन त शेपटीकडून नको धरू बाबू, काटे रुततेत. डोस्क्यामांगं धराचं. हळू. लिवलं?"

तो थांबला, ऐकत राहिला, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.