घोड्याचा केस

हनुमंताच्या उजव्या हाताच्या तीन नखांभोवती चामखिळी उठल्या होत्या. दौंडच्या डॉक्टरांनी दोनदा औषध लावलं, दोन्ही वेळा त्या परत आल्या. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता नखाशेजारी सुई टोचून भूल देऊ आणि जाळूनच टाकू."

हनुमंत दवाखान्यातून जो निघाला, तो थेट मांडवगणला मेंढरांच्या वाड्यावर, गेणबा धनगरांकडे. घोड्याच्या शेपटीचा केस बांधला की चामखीळ आपोआप गळते, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि घोडा गेणबांकडे होता.

घोड्याच्या मागे उभं राहिल्यावर मात्र त्याला ती सुई फारच लहान वाटू लागली. घोड्याने एक कान मागे वळवला. हनुमंताने डोळे मिटले.

"आबा, लाथ न्हाई ना मारायचा?"

"अजून तरी कुणी मेलं न्हाई," म्हणत गेणबांनीच एक लांब केस उपटला. "आण हात. मीच बांधतो. चाळीस वर्षं सगळ्या तालुक्याला बांधतोय."

हनुमंताने हात पुढे केला आणि डोळे उघडले. गेणबांच्या दहाही नखांभोवती चामखिळी होत्या.

"आबा," हात हळूच मागे घेत तो म्हणाला, "दौंडची येष्टी किती वाजता हाय?"