एक हॉर्न, दोन हॉर्न

अबोल्याचा तिसरा दिवस. आधी कोण बोलणार, यावर दोघंही हटून बसलेलो. आमची गाडी सारखी तापायची. मेकॅनिक नवऱ्याने गाडीखाली सरकवलेला पुठ्ठा कोरडाच निघाला, गळती नव्हती. बॉनेट उघडून तो रेडिएटरलाच म्हणाला, “पाण्याच्या नळ्यांत हवा अडकलीय. कुणीतरी आत बसून हीटरच्या झोतासमोर हात धरला तर उपकार होतील. गारला एक हॉर्न, हवा निघून तापलं की दोन.” कुणीतरी म्हणजे मीच. बसले मुकाट्याने. आधी एक दिला. वारा तापल्यावर दोन दिले. बॉनेटमागून आवाज आला, “अजून गारच दिसतंय.” पुन्हा दोन. “गारच!” घामाने निथळत ओरडले, “अरे, गरम आहे म्हणतेय ना! हात भाजला माझा!” बॉनेट खाली आलं. नवऱ्याचे हात साबणाने धुतलेले. काम केव्हाच उरकलं होतं. खिडकीशी धावत आला. “बघू, कुठे भाजलं?” भाजलं कुठेच नव्हतं. तरी मी हात पुढे केला.