मुठीची चकाकी

राजूरच्या कानिफनाथ सुताराच्या चाकूच्या मुठीला त्र्याहत्तर साली जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला. तसं काहीही झालेलं नाही. प्रदर्शनाची कमिटी आता असंच म्हणते, म्हणून आपणही काही झालंच नाही असं धरून चालू.

तर मे महिना होता आणि निकाल लागायचा होता. नंबर आला तर चाकूंच्या दोनशे मुठींचं काम मिळणार होतं. नाही आला तर बायकोला घेऊन कोपरगाव गाठायचं, कारखान्यावर बैलगाड्यांची चाकं ठोकायला. कानिफनाथचा पाय राजूरमधून निघत नव्हता.

त्यात तक्रार गेली. बाजारात विळे विकणाऱ्या भिमाजीनं लिहून दिलं की, कानिफनाथ मुठीला नाकाचं तेल चोळतो. नाकपुडीच्या कडेला सुटतं ते. म्हणून मूठ एवढी चमकते, आणि लोक त्याच चाकूनं आंबे कापून खातात.

चौकशीला आप्पासाहेब आले. विस्तार अधिकारी, अंगानं भरलेले, आणि किळस हा मूळ स्वभाव. एसटीत शेजारच्याच्या कोंबडीनं त्यांना आधीच विटवलं होतं. दुकानात लाकूड चिकटवायचा सरस शिजत होता. हा कशाचा करतात, असं त्यांनी विचारलं. जनावराच्या कातड्याचा, असं कानिफनाथनं सांगितलं. चहा आला, त्यात माशी होती. कानिफनाथच्या बायकोनं, राहीबाईनं, ती बोटानं काढली आणि कप पुन्हा पुढे केला. साहेब थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून बसले.

मग म्हणाले, "माझ्यासमोर एक मूठ कर. हात नाकाजवळ गेला, तर नंबर विसरायचा."

"नाक खाजलं तर, साहेब?"

"खाजू द्यायचं."

कानिफनाथनं शिसवीच्या दोन पट्ट्या कापल्या. पात्याच्या बुडाला दोन्ही अंगांनी लावून सामत्यानं आरपार भोकं पाडली, पितळी खिळे ठोकले, कानशीनं गोलाई आणली. मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग झिजून नुसता कागद उरलेला. साहेब हातभर अंतरावरून त्याच्या नाकावर नजर ठेवून होते. दुपारपर्यंत त्यांना ते नाक पाठ झालं, आणि त्याचीही शिसारी आली.

वर पत्रा तापला होता. साहेबांच्या तोंडावरून ओघळ लागले. दुष्काळात तोंड धुवायला पाणी मागणं त्यांना बरं दिसेना. राहीबाईनं धुतलेल्या धोतराचं फडकं दिलं. त्यांनी ते आधी हुंगलं, मग तोंड, मान, कानामागं सगळं रगडून पुसलं आणि चिमटीत धरून बाजूला टाकलं. असं चार-पाचदा झालं.

शेवटी कानिफनाथनं मुठीवर जवसाच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि ती फडक्यानं तासभर घासली. मूठ अशी चमकली की साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितली. गालावरून फिरवली. वास घेतला. शंका नको म्हणून जिभेचं टोकही लावलं.

"जरा खारट लागतंय."

"लाकूडच खारं हाय, साहेब."

त्या चाकूनं साहेबांनी दोन आंबे कापून खाल्ले. दिवसभरात तेवढंच त्यांना किळस न येता गेलं. अहवालात त्यांनी लिहिलं की, कारागिराच्या नाकाचा मुठीशी कोठेही संबंध आला नाही. मूठ स्वतः नेऊन कमिटीपुढे ठेवली. नंबर आला. कागदही आला: दोनशे मुठी नमुन्याबरहुकूम द्याव्यात, चकाकीत फरक पडल्यास काम रद्द.

कानिफनाथनं पंधरा दिवस खटपट केली. एकही मूठ नमुन्यासारखी चमकेना. राहीबाई म्हणाली, काय खरं हाय ते लिवून टाका, सरकार काय खातंय व्हय. मग त्यानं कमिटीला अर्ज केला:

"अर्ज करतो ऐसाजे, माझे स्वतःचे नाकाचे तेल मी आजवर वापरत आलो, परंतु ते नमुन्याच्या मानाने हलके पडते. नमुना मूठ ज्यावर तयार झाली ते तेल श्री. आप्पासाहेब, विस्तार अधिकारी, यांच्या चेहऱ्याचे असून, फडके पुराव्यादाखल सोबत जोडले आहे. तरी दोनशे मुठी पुऱ्या होईपर्यंत सदर साहेबांस, नाकासह, माझे दुकानी पत्र्याखाली रोज दुपारी बारा ते चार बसण्याचा हुकूम व्हावा, ही नम्र विनंती."